साबणाचं ग्राउंड, वाकडा खांब

त्या साली लातुरात पाणी कुठंच साचलं नाही. आडात नाही, हौदात नाही, टाकीत तर नाहीच. साचले ते फक्त किस्से. माझी मेस कॉलेजच्या ग्राउंडला लागून होती. चुलीपुढच्या खिडकीतून बास्केटबॉलचं अख्खं ग्राउंड दिसायचं, आणि पोरी ताटावर बसल्या की राहिलेलं त्यांच्या तोंडून ऐकायला मिळायचं. एकीचं सांगून झालं की दुसरी घास तोंडात असतानाच म्हणायची, "हे तर कायच न्हाई, मावशी!" असे एकावर एक चढत गेले. आज त्यातली एखादी नातवंडाला घेऊन भेटायला येते, तेव्हा माझ्या गुडघ्याची चौकशी नंतर. आधी म्हणते, "मावशी, तो कलेक्टर साहेबांचा सांगा की ह्याला."

मी शाळेची पायरी चढले नाही. वाचायला शिकले ते किराणा बांधून येणाऱ्या रद्दीच्या कागदांवरून, आणि बास्केटबॉल शिकले ते खिडकीतून. दोन्हीसाठी कुणाचे उपकार घेतले नाहीत. तेव्हा मधेच कुणी "असं कसं होईल?" म्हणायचं नाही. झालं तसं सांगते.

*

आमचं ग्राउंड मुरमाचं. मुरमाला रोज पाणी मारून वरून रोलर फिरवावा लागतो. नाही फिरवला तर चेंडू उसळत नाही, धुळीत फतकल मारून बसतो. आता त्या साली माणसांना प्यायला टँकर. ग्राउंडला कोण पाणी देणार? आमच्या पी.टी. सरांनी येऊन सांगून टाकलं, "मावशी, यंदाचा खेळ संपला. पोरींना सांगा, अभ्यास करा."

मी विचारलं, "सर, पोरी अंघोळ करतात का न्हाई?"

सर लाजले. "करत असतील की."

"मग ते पाणी जातंय कुठं?"

त्या दिवसापासून हॉस्टेलात माझा नियम लागू झाला. अंघोळ पत्र्याच्या टबात बसून करायची. टबातलं पाणी बादलीत, बादली ग्राउंडवर. जी पोरगी मोरीत पाणी सोडेल तिला त्या दिवशी माझ्याकडं कोरडी भाकरी. दोघींनी सोडून बघितलं. परत कुणी सोडलं नाही.

ग्राउंड असं घट्ट बसलं म्हणता, चेंडू टाकला की कमरेपर्यंत यायचा! फक्त त्याला वास लागला. चंदनाचा साबण, लिंबाचा साबण, शिकेकाई, कुणाचं घरून आणलेलं उटणं. ऊन चढलं की मुरमातून लग्नघरच्या न्हाणीसारखा घमघमाट सुटायचा.

नवा जिल्हा झाला आणि नवे कलेक्टर साहेब कॉलेज बघायला आले. मागं प्राचार्य, त्यांच्या मागं सर. साहेब ग्राउंडच्या मधोमध थांबले, नाक वर केलं, खूश झाले. म्हणाले, "वा! एवढ्या दुष्काळात तुम्ही फुलझाडं जगवलीत?"

प्राचार्यांनी सरांकडं बघितलं. सरांनी माझ्या खिडकीकडं बघितलं. मी काय खोटं बोलणार?

"न्हाई साहेब," मी म्हटलं, "तुम्ही हुभे हायत ना, तिथं सकाळी सगळ्या हॉस्टेलानं अंघोळ केली."

साहेबांनी एक पाय चटकन उचलला. दुसरा कुठं ठेवावा हे त्यांना बराच वेळ कळलं नाही.

*

हे सगळं चालायचं ते शोभासाठी. शोभा मुरुडची. तिचे वडील छोट्या रेल्वेच्या लाइनवर गँगमन. पहिल्या दिवशी मेसमध्ये आली ती दारातून वाकून आली, आणि माझ्या दारातून तोवर कुणाला वाकावं लागलं नव्हतं. आत आली आणि मी स्टुलावर चढून ज्या शिंक्यात लोणच्याची बरणी ठेवायची, त्यातून बरणी सहज खाली घेऊन म्हणाली, "मावशी, समद्यांना वाढू का?"

मी म्हटलं, ही पोरगी एक तर मला भिकेला लावणार, नाही तर नाव काढणार.

खेळायची कशी, ते सांगून कळायचं नाही. दुसऱ्या पोरींच्या हातात चेंडू आला की त्या घाबरायच्या. शोभाच्या हातात आला की चेंडूच शहाण्यासारखा वागायचा. बोर्डावर रिंगच्या वर काळा चौकोन असतो ना, त्याच्या कोपऱ्याला ती चेंडू नुसता टेकवायची. तिथून तो खाली वळायचा आणि संध्याकाळी गोठ्याकडं येणाऱ्या गाईसारखा, न विचारता आत. सर माझ्या खिडकीशी येऊन चहा प्यायचे आणि म्हणायचे, "मावशी, ही पोरगी राज्याच्या संघात पाहिजे." चहा गार व्हायचा, सरांचं वाक्य तेच.

शाळेत असल्यापासून ती जिल्ह्याच्या संघात होती. जिल्हा म्हणजे तेव्हा उस्मानाबाद. मग एक दिवस लातूर वेगळं झालं. काय तो दिवस! बँड, गुलाल, पेढे. कॉलेजला सुट्टी. मी मेसमध्ये शिरा केला. सगळ्या पोरी बोटं चाटून राहिल्या होत्या, आणि शोभाच्या ताटात शिरा तसाच.

"काय झालं गं? जिल्हा झाला आपला. तोंड गोड कर."

"मावशी," ती म्हणाली, "काल झोपले तवा जिल्ह्याची खेळाडू व्हते. आज उठले तर कोन्त्याच जिल्ह्याची न्हाई."

खरंच होतं ते. जुन्या संघानं निरोप धाडला होता, आता तू आमची नाहीस, तुझ्या जिल्ह्याकडून खेळ. आणि तिच्या जिल्ह्यात कलेक्टर होता, एस.पी. होता, ओल्या रंगाच्या पाट्या होत्या. मुलींचा बास्केटबॉलचा संघ नव्हता. पुढं नांदेडला जिल्ह्याजिल्ह्यांचे सामने होते. तिथूनच राज्याच्या ज्युनिअर संघासाठी पोरी निवडायच्या होत्या. ज्युनिअरला वयाची अट, आणि शोभाचं हे शेवटचं साल. यंदा नांदेडला उतरली नाही तर मग राज्य नाही न् काही नाही.

मला रागच आला. मी म्हटलं, "जिल्ह्याला कलेक्टर मिळतो आन् संघ मिळत न्हाई? शिरा खा गुमान. संघ मी काढते."

संघ काढायला काय काय लागतं, ते मी शिरा वाढून झाल्यावर सरांना विचारलं. सर म्हणाले, "निदान पाच पोरी." शोभा धरून आमच्याकडं दोन होत्या.

*

दुसरी शमीम. शिंप्याची लेक, उंचीनं शोभाच्या कोपराएवढी, पण पळायला लागली की ओढणी मागं राहायची.

उरलेल्या तिघी मी निवडल्या. सर उंची मोजत बसले होते. मी पोरींना भाकरी थापायला बसवलं. एका खेड्यातल्या दोघी बहिणी होत्या, त्यांना सगळे थोरली आणि धाकटी म्हणायचे. त्यांच्या भाकरी परातीएवढ्या झाल्या. मी सरांना हाक मारली, "हे पंजे बघा. ह्यांच्या हातातून चेंडू कुठं जातो?"

पाचवी राधा, अहमदपूरकडची. घरी शेती, खांदे बैलासारखे, कबड्डीत तिचं नाव ऐकून पोरी आधीच रेषेवर हात लावून परत जायच्या. तिला मी ओढून आणली. पहिल्याच दिवशी शमीम चेंडू घेऊन तिच्या बाजूनं पळाली, आणि राधानं झेप घालून तिचा घोटा धरला. शमीम मुरमावर आडवी.

सर ओरडले, "राधा, बास्केटबॉलमध्ये पाय धरत नसतात!"

"मग कंबर?"

"कंबर पण नाही."

"हात?"

"काहीच धरायचं नाही. समोरच्याला हातच लावायचा नाही."

राधा अंगावरची धूळ झटकत उठली. थोडा वेळ विचार केला. मग तिनं माझ्याकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "मावशी, हा खेळ भांडन झालेल्या मानसांसाठी हाय का?"

खालून शमीम म्हणाली, "मेरा पाँव तो छोड पैले."

*

मग हाफ पँटचा घोळ झाला. सामन्याला हाफ पँट लागते म्हटल्यावर एकेकीचे वडील, काका, मामा माझ्या मेसमध्ये येऊन बसायला लागले. मी सगळ्यांना चहा पाजला, आणि ऐकूनही घेतलं. हे मला जड जातं, पण घेतलं.

शमीमच्या अब्बांनी शिंपी म्हणून तोडगा काढला. पँटी ते स्वतः शिवून आणणार. आणल्या. शमीमनं घालून दाखवली तर पँट गुडघ्याच्या खाली चार बोटं, आणि घेर एवढा की आत दुसरी शमीम मावली असती.

"अब्बा, हे काय हाय?"

"हाफ पँट," ते म्हणाले. "फक्त जरा शरीफ हाय."

राधाचे काका ती बघूनही तयार होईनात. "पाय दिसतेत. लोक काय म्हनतील?" असं त्यांनी इतक्या वेळा म्हटलं की मलाच लोकांची कीव आली. तेवढ्यात शोभाचे वडील आले. ड्यूटीवरून थेट आलेले, खाकी कपड्यात, खांद्यावर टॉवेल. "जयभीम, ताई," म्हणाले. "जयभीम, दादा, बसा," मी म्हटलं. ते बाकावर काकांच्या शेजारी बसले. काकांना वाटलं, आपल्या बाजूचा एक वाढला.

"बगा की, दादा," काका म्हणाले, "पोरीच्या जातीनं हाफ पँट घालायची म्हंजे..."

शोभाच्या वडिलांनी आपल्याच पायांकडं बघितलं. गँगमनची खाकी हाफ पँट, गुडघ्यापर्यंत खडीची धूळ.

"मी तर लायनीवर रोज हीच घालतो," ते म्हणाले. "मला आजवर कुनी काय म्हनलं न्हाई. तुमी कायतरी म्हनताव का?"

काकांनी चहा संपवला. राधाची पँट शिवायला दिली.

*

ग्राउंडवर खांब एकच होता. दुसऱ्या बाजूचा मंजूर झाला होता, आला नव्हता. तो एकच खांब काळ्या जमिनीत रोवलेला, वरून मुरूम. दुष्काळात काळी जमीन कशी तडकते ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको, भेगेत हात जातो. त्या खांबाच्या एका अंगाला माझी मेस आणि दुसऱ्या अंगाला कोरडी पडलेली विहीर. विहिरीच्या बाजूला भेगा जास्त.

एकदा सर चहाचा कप हातात धरून बराच वेळ खांबाकडं बघून राहिले. म्हणाले, "मावशी, खांब विहिरीकडं कलला की काय?"

मी चुलीत फुंकर मारत होते. तिथूनच म्हटलं, "खांब कशाला कलंल? तुमची मान कलली असंल सर. रात्री उशी नीट घेत जा."

सरांनी मान चोळली आणि गेले. शोभा खेळतच होती. चेंडू चौकोनाच्या कोपऱ्याला टेकत होता, न विचारता आत जात होता. मग खांब सरळ का वाकडा, कोण बघतो?

*

मुलींच्या संघाबरोबर बाई मॅनेजर पाहिजे असा नियम. कॉलेजात मॅडम होत्या, पण एकीचं लेकरू तान्हं, दुसरीला एस.टी. लागायची. मी म्हटलं, "मला काहीच लागत न्हाई. मी येते."

अहमदपूर, लोहा करत आम्ही नांदेडला पोचलो. एस.टी.त बसायला जागा नव्हती. भाकरीची दुरडी डोक्यावर धरून मी उभी, पोरी उभ्या. मैदानावर बघते तर बाकीच्या मॅनेजर बायका ट्रॅकसूटमध्ये, गळ्यात शिट्ट्या. मी नऊवारीत. फाटकावरच्या पोरानं मला अडवलं.

"आजी, प्रेक्षकांनी तिकडच्या फाटकानं जायचं."

"मी मॅनेजर हाय."

त्यानं दुरडीकडं बघितलं. "कशाच्या?"

"जिल्ह्याच्या," मी म्हटलं आणि आत गेले.

*

आता खरा घोटाळा. आमची उतरायची सोय मैदानाच्या कडेलाच होती, आणि तिथल्या मोरीत नळ होता. साधा नळ नव्हे, पाणी येणारा नळ! नांदेडला गोदावरी आहे, तिथल्या लोकांना त्याचं काही नाही. धाकटीनं तोटी फिरवली आणि किंचाळलीच, "मावशी, थांबतच न्हाई!" शोभा तोटीखाली ओंजळ धरून उभी राहिली, पिईना, की सोडीना.

सकाळी आमचा सामना. पोरी पहाटेच उठल्या. मला वाटलं, सरावाला गेल्या असतील. शाबासकी द्यावी म्हणून बाहेर आले तर पाचही जणी ओळीनं बादल्या घेऊन ग्राउंडकडून परत येऊन राहिल्या होत्या. न्हालेल्या, चकाचक.

"काय गं, काय केलं?"

"पानी मारलं, मावशी," थोरली म्हणाली. "लई पानी व्हतं. समदं मारलं."

पोरींना वर्षभराची सवय. अंघोळ झाली की पाणी ग्राउंडवर. त्यात नांदेडचं ग्राउंड सिमेंटचं. मुरूम पाणी पितो, सिमेंट ते तसंच वर धरून ठेवतं, साबणासकट. तेवढ्यात तिथले सामन्यांचे सेक्रेटरी कडक इस्त्रीच्या पांढऱ्या पँटीत ग्राउंड ओलांडून आमच्याकडं निघाले. निघाले ते चालत. पोचले ते बसून.

"कुणी केलं हे?" त्यांनी खालूनच विचारलं.

शोभा पुढं झाली. "आमी. आमच्याकडं रोज मारतेत."

सेक्रेटरींनी उठून पँट बघितली आणि जाहीर केलं, "लातूरचा सामना रद्द. बाकीचे सामने दुपारून."

शोभाचा चेहरा मी त्या वेळी बघितला. हातातली रिकामी बादली खाली ठेवायची राहून गेली, एवढंच.

*

मी सेक्रेटरींशी काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. शेवटी ते म्हणाले, "बाई, ग्राउंड वाळलं तर सामना घेऊ. पण निवड करणारे दोघं साहेब थांबायचे नाहीत. त्यांना गाडी आहे. बाकीच्या पोरी त्यांनी कालच बघितल्यात."

म्हणजे सामना होऊन उपयोग नाही, ते दोघं साहेब बसलेले पाहिजेत. मी सरांना सांगितलं, "तुम्ही ग्राउंड बघा. साहेबांना मी बघते."

पोरींनी अंथरुणं उलगडली. चादरी, सतरंज्या, राधाच्या घरची वाकळ, सगळं सिमेंटवर. राधा वाकळीवर पोटावर आडवी झाली आणि थोरली-धाकटीनं तिचे पाय धरून तिला ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढलं.

"आता धरलेले चालतेत व्हय पाय?" राधा ओरडून राहिली होती.

इकडं मी दुरडी घेऊन साहेबांच्या टेबलाशी. एक साहेब जाडे, एक बारीक. दोघं बॅगा भरून बसलेले. मी न विचारता कागद पसरला. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, त्यावर कच्चं तेल.

बारीक साहेब म्हणाले, "नको हो बाई. गाडी चुकेल."

"साहेब, ही भाकरी लातूरहून नांदेडपर्यंत हुभ्यानं आलीय. तुम्ही निदान बसून तरी खा."

जाड्या साहेबांनी तुकडा मोडला. चटणीला लावला. डोळ्यांतून पाणी आलं, पण हात थांबला नाही. मग बारीक साहेबही. भाकरी संपत आली की मी अर्धी वाढायची. ते हात आडवा करायचे, मी हाताच्या वरून वाढायची. अर्धं खाल्लेलं टाकून उठायला दोघांनाही लाज वाटत होती, आणि मी खाणं पुरं होऊच देत नव्हते.

मागून शोभाची हाक आली, "मावशी, वाळलं!"

बारीक साहेबांनी घड्याळ बघितलं. "गाडी गेली," ते म्हणाले.

मी म्हटलं, "मग आता सावकाश खा. खाता खाता सामना बघा."

*

सामना यजमान नांदेडशीच. त्यांच्या पोरी तयारीच्या, बाकावर बदलीच्या पोरींची रांग. आमचा बाक रिकामा. बाकावर मी आणि दुरडी.

सुरू झालं आणि शोभानं पहिलाच चेंडू नेहमीसारखा कोपऱ्याला टेकवला. तो रिंगला शिवलाही नाही, बाजूनं खाली पडला. दुसरा तसाच. तिसरा तसाच. तिकडं राधा कुणाला धरायचं नाही म्हणून हात मागं बांधून खेळत होती, तरी नुसत्या खांद्यानं दोघींना पाडून फाउल घेऊन बसली. शमीम पळत होती, पँट तिच्या मागून येत होती. शोभाचा एकही चेंडू आत जाईना. लोक हसायला लागले. कुणी तरी ओरडलं, "ए लंबू, झाडाचे आंबे काढ!" बारीक साहेब माझ्याकडं बघून राहिले. अशा पोरीसाठी माझी गाडी घालवली होय, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं.

मध्यंतराला शोभा माझ्यापुढं येऊन बसली. घामानं भिजलेली, ओठ दाबून धरलेले. "मावशी, समदं जाग्यावरच मारून राहिले. तरी जात न्हाई."

मी बोर्डाकडं बघितलं. काही तरी चुकतंय असं मलाही मघापासून वाटून राहिलं होतं. आता लक्षात आलं.

"सर," मी म्हटलं, "ह्यांचा खांब वाकडा हाय."

सर उठले. खांबाला पाठ लावून आले, वर बघितलं, खाली बघितलं. "मावशी, हा सरळ आहे."

"नीट बघा. वाकडा हाय."

"सरळ आहे मावशी. एकदम सरळ."

मग सर माझ्याकडं बघून राहिले आणि मी सरांकडं. दोघांनाही कोरडी विहीर आठवली. शोभानं तोंडावर हात ठेवला. "म्हंजे आपला..."

शिट्टी झाली. पोरी उठल्या. मला काय सुचलं मला माहीत नाही. मी शोभाचा हात धरला.

"मान कलव," मी म्हटलं.

"कोनीकडं?"

"मेसकडं."

दुसरी पोरगी असती तर म्हणाली असती, मावशी, आपण नांदेडात आहोत, इथं मेस कुठली? शोभानं विचारलं नाही. ती ग्राउंडवर गेली, चेंडू हातात आला, बोर्डापुढं उभी राहिली, आणि मान अश्शी खांद्याकडं टाकली. कान जवळजवळ खांद्याला लागला. लोकांत पुन्हा हशा. तिनं चेंडू कोपऱ्याला टेकवला.

आत!

सर म्हणाले, "योगायोग."

पुन्हा मान, पुन्हा आत. मग तिनं थांबणं सोडलं. पळता पळता मान कलायची आणि चेंडू आत. दोन पोरी अंगावर, मान कललेली, चेंडू आत! हसणारे गप्प झाले, गप्प झालेले उभे राहिले. नांदेडचेच लोक आमच्या पोरीसाठी शिट्ट्या वाजवायला लागले. राधा पाच फाउल होऊन बाहेर आली आणि बाकावर बसून माझा दंड असा धरला की आठवडाभर निळा होता. थोरलीही फाउल भरून बाहेर आली. मागून धाकटीही. आता ग्राउंडवर आमच्या दोघीच, शोभा आणि शमीम, आणि समोर पाच. शमीमनं पँटचा घेर कमरेत खोचला, पाचातून चेंडू काढला आणि वर फेकला. शोभानं तो हवेत घेतला, मान मेसकडं टाकली आणि कोपऱ्याला टेकवला. आत! त्याच वेळी शेवटची शिट्टी.

एका गुणानं हरलो.

पण ते मला नंतर सरांनी सांगितलं. त्या वेळी मी काहीच मोजत नव्हते. मी साहेबांच्या टेबलाकडं बघत होते. जाड्या साहेबांच्या हातात भाकरीचा तुकडा तसाच राहिला होता.

*

संध्याकाळी माइकवर नावं वाचायला सुरुवात झाली. आम्ही सगळ्यांत मागं, ओल्या चादरी पिळत. एकेक नाव, पुढं जिल्ह्याचं नाव. परभणी. औरंगाबाद. नांदेड. नांदेड. पुन्हा नांदेड. शोभा चादरीचं एक टोक पिळत होती आणि दुसरं टोक माझ्या हातात. प्रत्येक नावाला तिच्याकडून एक पीळ जास्त पडत होता.

"शोभा," माइक म्हणाला, "लातूर जिल्हा."

टाळ्या झाल्या. कुणीच उठलं नाही. शोभा इकडंतिकडं बघायला लागली. लातूर जिल्ह्याची ही कोण शोभा? असं नाव माइकवर तोवर कुणी ऐकलंच नव्हतं.

राधानं तिच्या पाठीत गुद्दा घातला. "उठ की गं! तूच हायस ती!"

*

सकाळची एस.टी. धरायची म्हणून आम्ही वळकट्या डोक्यावर घेऊन मैदानाच्या कडेनं निघालो. नांदेडच्या पोरी सरावाला आल्या होत्या. सरळ खांब, सरळ बोर्ड, कोरडं सिमेंट. एकेक पोरगी पळत यायची, बोर्डापुढं थांबायची, कान खांद्याला लावायची आणि चेंडू मारायची. एकीचाही आत जात नव्हता.

त्यांच्या मागं त्यांचे सर शिट्टी तोंडात धरून उभे. "अजून! मान अजून वाकव! कालची पोरगी बघितली नाहीस का?"

शोभा थांबली. वळकटी खाली ठेवली. सांगायला तिनं तोंड उघडलंच होतं.

मी तिच्या दंडाला चिमटा काढला. "चल," मी म्हटलं. "एस.टी. सुटंल."